उन्हावर भरलेला डबा

मोटार वाइंडिंगच्या त्या दुकानात तिला सगळे तारमावशी म्हणत. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, बाईचं नाव तारा असणार, आणि तो पावतीवर तसं लिहूनही मोकळा व्हायचा. तिने कधी दुरुस्त केलं नाही. अठ्ठावीस वर्षं ती जळलेल्या मोटारी उघडत होती. काळी पडलेली तार खेचून काढायची, वेढे मोजायचे, नवी तांब्याची तार तितक्याच वेढ्यांची भरून खाचांत बसवायची, वार्निश मारायचं, वाळवायचं. मोटार सुरू झाली की ती लांब पेचकसाचं टोक तिच्या पाठीवर टेकवायची आणि मूठ कानाशी धरायची. आत काय दुखतंय ते तिला असं ऐकू यायचं. दुकानाचे मालक म्हणत, डॉक्टर छातीला नळी लावतो तशी ही मोटारीला पेचकस लावते.

घरी मात्र एकच मोटार होती, आणि तिचा आवाज बंद पडू नये म्हणून मावशीने तीन वर्षं कान टवकारून काढली होती. तिच्या नवऱ्याच्या फुप्फुसांनी दगा दिला तेव्हापासून त्याच्या नाकाला नळी आली आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. ते दिवसरात्र घुरघुरायचं. नळी सात मीटरची. पलंगापासून न्हाणीघर आणि पलंगापासून खिडकी, एवढंच त्याचं फिरणं. खिडकीपर्यंतही तो हल्ली जात नसे.

आणि हा माणूस कोण, तर शहरातल्या सर्वांत मोठ्या सार्वजनिक बागेचा एके काळचा मुख्य माळी. पस्तीस वर्षं त्याच्या डोक्यावर छत म्हणून नव्हतं. उन्हात रापून त्याची मान विटेच्या रंगाची झालेली. घरात बसून तीही फिकट पडली. पहिल्या वर्षी तो चिडायचा, दुसऱ्या वर्षी विनोद करायचा, तिसऱ्या वर्षी भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. मावशीला चिडणाराच बरा वाटायचा.

बाहेर पडायचं म्हणजे छोटा सिलिंडर घ्यावा लागे. तो दीड तास पुरायचा. एकदा दवाखान्यातून येताना गर्दीत अडकले आणि सिलिंडरचा काटा खाली खाली सरकताना पाहून दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. घरी पोचल्यावर मशीनची नळी लावली, श्वास जागेवर आला, तेव्हा तो म्हणाला, "काट्याकडे बघत हिंडायचं असेल तर मला नको. दवाखाना सोडून कुठे नेऊ नकोस." तिने नेलं नाही.

मग भाच्याचा डबा आला.

भाचा म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. चाळिशीला टेकलेला, समारंभांचं चित्रीकरण करणारा. बाहेरच्या कामासाठी दिवे-कॅमेरे चालवायला त्याने बॅटरीचा एक मोठा डबा घेतला होता. मूठ असलेला, समोर काचेची पट्टी, तिच्यावर आकडे, खाली घरच्यासारखे दोन सॉकेट. एका कामावर त्यात पाणी शिरलं. डबा चालायचा, पण भिंतीवरच्या विजेवर भरायचा थांबला. त्याची आतली सर्किटची पाटी आता मिळत नव्हती. भाच्याने तो मावशीपुढे ठेवून सांगितलं, बघ काही होतंय का, नाहीतर भंगारात देतो.

तिने चार स्क्रू काढून झाकण उघडलं. भिंतीच्या विजेची पाटी जळून कोळसा झाली होती, तिथे हात टेकलेच. पण बॅटरी धड होती. आणि मागच्या बाजूला, रबरी बूच लावलेलं एक गोल छिद्र होतं. त्याच्यावर लहानसं सूर्याचं चित्र. तिने भिंग लावून खालची अक्षरं वाचली: बारा ते तीस व्होल्ट. त्या बाजूची पाटी अगदी कोरी होती. भाच्याने ते बूच कधी काढलंच नव्हतं.

दुकानाच्या माळ्यावर बंद पडलेल्या पथदिव्यांचे तीन छोटे सोलर पॅनल धूळ खात पडले होते. दिवे मेले होते, पॅनल नव्हते मेले. तिने ते पुसले, उन्हात धरून मीटर लावला. प्रत्येकी बावीस व्होल्ट. एकापुढे एक जोडले असते तर डब्याची सोसायची हद्द ओलांडली असती. तिने तिघांच्या अधिकच्या तारा एकत्र केल्या, उण्याच्या एकत्र केल्या. दाब तेवढाच राहिला, प्रवाह तिप्पट. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. मालक म्हणाले, हा पसारा घेऊन जाशील तर माझाच माळा रिकामा होईल.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांना एक लांबट बाल्कनी होती. कपडे वाळत घालायच्या कामाची, एवढीच. मावशीने पॅनल जमिनीवर टाकले, तार आत ओढली, डबा स्टुलाखाली सावलीत ठेवला आणि बूच काढून पिन खोचली. काचेच्या पट्टीवर सूर्याचं चित्र लुकलुकलं. तिला इतका आनंद झाला की ती दुकानात अर्धा तास उशिरा पोचली.

संध्याकाळी पाहिलं तर दिवसभरात नऊ टक्के.

दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशी तिने सुट्टी टाकली आणि पॅनलपाशी बसून राहिली. सरकवून पाहिले, तिरके केले, बादलीवर टेकवले. कठड्याच्या गजांच्या सावल्या पॅनलवर आडव्या पडत होत्या. बोटभर सावली, पण तेवढ्याने अख्खं पॅनल बसायचं. आतली चौकट न् चौकट एका माळेत ओवलेली असते, एक झाकली की सगळी माळ अडते, हे तिला कळत होतं. उपाय कळत नव्हता. ती स्वतःशीच पुटपुटत होती. हे पश्चिमेला, ते भिंतीला. सगळं करून पट्टीवर येणाऱ्या विजेचा आकडा वीस वॉटच्या वर जाईना.

आतून आवाज आला. "भिंतीला टेकवू नकोस."

तिला आधी वाटलं, भास झाला. तिने आत पाहिलं. नवरा कुशीवर वळला होता, बाल्कनीकडे.

"आपल्या भिंतीला ऊन नाहीच," तो म्हणाला. थांबला, दोन श्वास घेतले. "समोरच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे ना, तिची सावली किती वाजता सुटते?"

तिने सांगितलं, नऊ-साडेनऊला असेल. असेल म्हणजे काय, त्याने विचारलं. पस्तीस वर्षांत त्याने हाताखालच्या माणसांना हाच प्रश्न विचारला असणार, कारण तो विचारताना त्याचा आवाज कामावरच्यासारखा झाला. मग तिने बघायचं कबूल केलं आणि त्याने स्वतःच पाय खाली सोडले. नळी सावरत, पलंगाचा दांडा, खुर्चीची पाठ, दाराची चौकट, असं धरत धरत तो बाल्कनीच्या उंबऱ्यापर्यंत आला. त्या सात मीटरांचा शेवटचा मीटर त्याने कित्येक महिन्यांत वापरला नव्हता.  तिने खुर्ची पुढे सरकवली.

पुढचे दोन दिवस तो उंबऱ्यात बसून होता. तिने खडू आणून दिला. दर अर्ध्या तासाने ऊन कुठवर आलं त्याची रेघ तो काठीला खडू बांधून जमिनीवर ओढायचा. नव्या वाफ्यात काय लावायचं ते ठरवायच्या आधी तो बागेत हेच करायचा, तिथे चुन्याने. ती दुकानातून आली की तो तिला अहवाल द्यायचा. दहा वाजता ऊन कठड्यावर चढतं, दीडला उतरतं. जमिनीवर येतं ते गजांतून गाळून येतं, त्याचा उपयोग नाही. ऊन हवं तर कठड्याच्या बाहेर जायला पाहिजे.

"बाहेर कुठे? हवेत?" तिने विचारलं.

"कुंड्या टांगतो तसे टांग. थोडे आडवे, वर तोंड करून. टांगायच्या आकड्याला पाठीमागून फळी दे म्हणजे वारा उचलणार नाही."

तिने दुकानात लोखंडी पट्टी वाकवून सहा मजबूत आकडे केले, प्रत्येक पॅनलला वर तार बांधून दुहेरी पक्कं केलं, कारण खालून माणसं जातात. टांगल्यावर पट्टीवर एकदम पासष्ट वॉट दिसले. संध्याकाळी डबा चौतीस टक्क्यांनी चढलेला होता. ती आत येऊन सांगेपर्यंत त्याने स्वतःच वाकून आकडा वाचला होता. तो म्हणाला, काच रोज पुसत जा, पानावर धूळ बसली की पानसुद्धा उपाशी राहतं. एवढं लांब वाक्य बोलून त्याला धाप लागली, पण तोंडावर समाधान होतं.

तीन दिवसांत डबा भरला. तरी मावशी घाईने भुलणारी नव्हती. मोटार सुरू होताना पहिल्या क्षणाला तिप्पट-चौपट वीज खाते, आणि त्या धक्क्याला डबा बसला तर सगळं मुसळ केरात. एका दुपारी, सिलिंडर हाताशी ठेवून, तिने मशीनची पिन भिंतीतून काढून डब्यात लावली. पट्टीवरचा आकडा उसळून साडेचारशे वॉटवर गेला, तिचा जीव टांगणीला लागला, आणि तो खाली येऊन एकशेवीसवर स्थिर झाला. तिने पेचकस काढला, मशीनच्या पाठीवर टेकवला आणि मूठ कानाशी धरली. आवाज स्वच्छ होता. भिंतीच्या विजेवर होता तितकाच. डबा तीन तास आणि वर दहा मिनिटं चालला. ते तिने स्वतः घड्याळ लावून पाहिलं.

"बागेत जायचं?" तिने विचारलं.

त्याने डब्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तीन तासांचाच आहे ना? म्हणजे पुन्हा काटाच."

तेव्हा तिने आपला खरा बेत सांगितला. पॅनल बरोबर न्यायचे. डबा रिकामा होत असताना दुसऱ्या बाजूने भरतही राहील. बाल्कनीत ऊन उसनं मागावं लागतं, बागेत हवं तेवढं पडलेलं आहे. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला की मोठ्या हिरवळीच्या पूर्वेच्या कडेला बसू, तिथे सावली आणि ऊन यांच्यामध्ये दहा पावलं असतात.

डॉक्टरीणबाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग मावशीच्या वहीतले आकडे पाहिले, सिलिंडर बरोबर असू दे म्हणून बजावलं आणि परवानगी दिली. दुकानाची सुट्टी गुरुवारी. त्या सकाळी भाचा गाडी घेऊन आला. जिन्यावरून काकांना खुर्चीत बसवून त्याने आणि शेजारच्याने उतरवलं. मशीन, नळी, सिलिंडर, तीन पॅनल, तारांचं भेंडोळं, सगळं गाडीत गेलं. शेजारीण वरून ओरडून विचारत होती, "डबा घेतला का?" तिला जेवणाचा म्हणायचा होता. मावशी म्हणाली, दोन्ही घेतले.

बागेच्या फाटकाशी आता त्याच्या जागेवर मुख्य माळी असलेली एक बाई उभी होती. त्याच्याच हाताखाली शिकलेली, उन्हाची कापडी टोपी कधी न उतरवणारी, म्हणून सगळे तिला टोपीवाली म्हणत. तिने चाकाची खुर्ची आतपर्यंत ढकलत नेली. वाटेत तो एकदाच थांबा म्हणाला. जुन्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याची एक बाजू उघडी पडली होती. तिथे पूर्वी त्याने लावलेली अकरा झाडं होती. टोपीवालीने खाली मान घालून सांगितलं की रस्ता रुंद केला, वरून आदेश होता, तिने दोनदा पत्र लिहिलं होतं. तो बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिला. मावशीला वाटलं, आता म्हणेल घरी चल. तो म्हणाला, "पत्राची प्रत ठेवलीस का?" तिने ठेवली होती. "बरं केलंस," म्हणाला, आणि पुढे जायची खूण केली.

पूर्वेच्या कडेला तो सांगेल तिथे खुर्ची लागली. पॅनल दहा पावलांवर उन्हात, तार गवतातून, डबा सावलीत. मावशीने पिन खोचली. पट्टीवर दोन आकडे शेजारी-शेजारी उभे राहिले. जाणारे एकशेवीस, येणारे नव्वद. उरलेली बॅटरी एकोणनव्वद टक्के. बाल्कनीत तिने हे कधी पाहिलं नव्हतं. ती गुडघ्यांवर बसून बघतच राहिली. भाचा त्याच्या कामावर गेला, दुपारी न्यायला येतो म्हणून.

 नवरा डोकं मागे टेकून वर पानांकडे पाहत होता. मशीन घुरघुरत होतं, पण मोकळ्यावर तो आवाज केवढासा झाला होता. मावशी त्याच्या खुर्चीशेजारी हिरवळीवर टेकली. जरा पाय लांब करू, असं तिला वाटलं. जरा पाठ टेकू, असं वाटलं. तीन वर्षं ती एका कानाने झोपत आली होती. मशीनचा सूर जरा बदलला की उठून बसायची. त्या दिवशी तिने डोळे मिटले आणि तिला गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ती धडपडत उठली. खुर्ची जागेवर नव्हती. तार जागेवर नव्हती. पॅनल होते त्या जागी झाडाची गर्द सावली होती.  तिने नवऱ्याला हाक मारली, "अहो!" आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"इकडे," तो म्हणाला.

तो वीसेक पावलांवर, रोपांच्या जाळीघराच्या दाराशी बसला होता, मशीन आणि डबा शेजारी. पॅनल त्याच्या पलीकडे, लख्ख उन्हात, बरोबर सूर्याकडे तोंड करून ओळीने मांडलेले. टोपीवाली त्याच्या पायाशी उकिडवी बसून पिशवीतली रोपं उचलून दाखवत होती. सावली सरकत आली तसे त्याने तिच्याकडून पॅनल तीनदा हलवून घेतले होते, आणि दर वेळी डब्याची पट्टी वाचून घेतली होती. मावशी धावत जाऊन वाकली. डब्यावर एकसष्ट टक्के. तिचा जीव भांड्यात पडला.

"मला उठवायचं नाही का?" ती म्हणाली. रागवायचं होतं, जमलं नाही.

"तू घोरत होतीस," तो म्हणाला. "कितीतरी दिवसांनी ऐकलं. अजून अर्धा तास झोप, ऊन आहे."

ती काही झोपली नाही. पण लांब जाऊन तोंड धुऊन आली, आणि तिथे थोडा वेळ उगाच नळाशी थांबली. ती झोपली होती तेवढ्यात काय घडलं ते तिला टोपीवालीने सांगितलं. जाळीघरातली एका कडेची रोपं दोन महिने करपत होती. पाणी बदललं, माती बदलली, औषध मारलं, नाकीनऊ आले. काकांनी खुर्ची दाराशी लावून घेतली आणि नुसते पाहत बसले. तासाभराने त्यांनी बोट दाखवलं. रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीच्या काचांवरून उन्हाचा एक पट्टा उलटा येत होता आणि त्या रोपांवरून हळूहळू सरकत होता. एकाच दिवसात त्या बिचाऱ्यांवर दोन सूर्य. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण तिथे तासभर नुसतं बसून राहायला कुणाला फुरसत होती? टोपीवालीने त्याच दुपारी त्या बाजूला दुहेरी जाळी लावली, आणि निघताना विचारलं की काका दर गुरुवारी येतील का, दोन नव्या मुलींना शिकवायचं आहे, तिला एकटीला पुरं पडत नाही.

तो मावशीकडे पाहून म्हणाला, "डबा भरला तर."

हे सगळं गोडगोड झालं असं नाही. पुढच्याच आठवड्यात चार दिवस आभाळ भरून राहिलं, डबा चाळिसावर अडकला आणि तिने जाणं रद्द केलं. त्या गुरुवारी तो दिवसभर धुसफुसत होता, ताट पुढून सरकवलं, खिडकीतून ढगांना नावं ठेवली. मावशी मनातून खूश होती. भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस ढगांवर चिडत नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासलं तर फुप्फुसं होती तशीच होती, ती सुधारणारी नव्हती. वजन मात्र दीड किलोने वाढलं होतं. त्यांनी कागदावर लिहिलं आणि पुढे एक शब्द जोडला, तो मावशीला वाचता आला नाही, पण बाई हसल्या होत्या.

आता जाळीघराच्या दाराशी गुरुवारी दोन मुली वह्या घेऊन बसतात. तो कमी बोलतो, वाक्यं तोडून बोलतो, त्यामुळे त्यांना लिहून घ्यायला बरं पडतं, असं त्याच म्हणतात. वाफ्यावर ऊन किती वाजता येतं असं त्याने विचारलं आणि एकीने "साधारण" असा शब्द उच्चारला की दुसरी हळूच तिला कोपर मारते.

मावशी हिरवळीवर असते. पहिले दोन-तीन गुरुवार तिने झोपून काढले. मग तिला रिकामं बसवेना. मागच्या खेपेला तिने पिशवीतून जळका टेबल-पंखा आणला, चटईवर उघडला आणि उन्हाकडे पाठ करून वेढे मोजायला लागली. येणारे-जाणारे थांबून बघत होते. बागकामाचंच काही असेल असं समजून एका आजोबांनी विचारलं, बाई, हे झाडाला कुठे लावायचं? तिने वर न बघता सांगितलं की माळी तिकडे बसलेत, त्यांना विचारा, आणि एकशे बारावरून पुढे मोजत राहिली.